रामानुजन् यांचें ताट

थोर पुरुषांचीं चरित्रें आपण त्यांच्या पराक्रमासाठीं वाचतों. त्यांच्या ताटांत काय वाढलेलें असे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ही चौकशी क्षुल्लक आहे, असें पुष्कळांस वाटेल. परंतु ज्या पुरुषाचें आयुष्य बत्तिसाव्या वर्षीं संपलें, आणि ज्याच्या हातून आणखी तीस वर्षें काम झालें असतें तर गणितशास्त्राच्या भांडारांत किती भर पडली असती याचा अंदाजही करवत नाहीं, त्याच्या बाबतींत ती क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं. श्रीनिवास रामानुजन् हे तें उदाहरण होय.

आज आमच्या शहरांतील कितीतरी घरांतून मुलगे व मुली कॅनडा, जर्मनी, इंग्लंड अशा थंड देशांस शिक्षणासाठीं जातात. त्यांच्या पेटींत मसाले, पापड व लोणचीं भरलीं जातात, आणि कित्येक घरीं निरोपाच्या वेळीं अभक्ष्य न खाण्याचें वचनही घेतलें जातें. असें वचन घ्यावें कीं न घ्यावें, हा आजच्या लेखाचा विषय नव्हे. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. वचन पाळणाऱ्यानें कडाक्याच्या थंडींत शरीर कसें सांभाळावें, आणि वचन घेणाऱ्यांकडे त्या कामीं कोणतें कर्तव्य येतें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

रामानुजन् यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजीं इरोड येथें आजोळीं झाला व बालपण कावेरीकांठच्या कुंभकोणम् शहरीं गेलें. वडील कापडाच्या दुकानांत कारकून होते. मिळकत बेताची, परंतु आई कोमलताम्मल ह्या करारी व धर्मनिष्ठ असून घरचा आचार त्यांच्या हातीं होता. घराणें वैष्णव अय्यंगारांचें. मांस, मासे व अंडीं यांचें नांवही त्या घरांत निघत नसे. मुलाची बुद्धि गणितांत अलौकिक, पण इतर विषयांकडे त्याचें चित्त नसे. त्यामुळें कॉलेजांत शिष्यवृत्ति गेली व परीक्षा हुकल्या. अखेर १९१२ सालीं मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्यें दरमहा ३० रुपयांची कारकुनी पत्करावी लागली. तेथूनच १६ जानेवारी १९१३ रोजीं त्यांनीं केंब्रिजचे गणिती हार्डी यांस आपल्या सिद्धान्तांचें तें प्रसिद्ध पत्र पाठविलें.

हार्डी यांनीं बोलावणें धाडलें, तेव्हां प्रथम रामानुजन् यांनीं नकार दिला. समुद्रपर्यटन म्हणजे त्या काळीं त्या समाजांत जातीबाहेर पडण्याची वाट होती. पुढें १९१४ च्या आरंभीं केंब्रिजचे नेव्हिल मद्रासेस आले; इकडे नामक्कलच्या नामगिरी देवीनें स्वप्नांत कौल दिला म्हणून आईनेंही संमति दिली, असें सांगतात. १७ मार्च १९१४ रोजीं रामानुजन् जहाजावर चढले. जाण्यापूर्वीं त्यांनीं शेंडी उतरविली आणि साहेबी पोशाख व जोडे चढविले. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. हा मनुष्य प्रत्येक रूढीस आंधळेपणानें चिकटून बसणारा नव्हता. वेष त्यांनीं बदलला, केस कापले, समुद्र ओलांडला. फक्त अन्नाच्या नेमाची रेघ त्यांनीं ओलांडावयाची नाहीं असें ठरविलें. त्या निश्चयाबद्दल त्यांस दोष देण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

दोष कोठें होता तें कळण्यासाठीं कुंभकोणम् येथील ताट आधीं पाहिलें पाहिजे. त्या प्रांतींच्या शाकाहारी घरांतील जेवणांत भाताबरोबर तुरीच्या डाळीचें सांबार असतें, वर तूप असतें, एक-दोन भाज्या असतात आणि शेवट दहींभातानें होतो. अंगणांत बारा महिने ऊन असतें. म्हणजे घरीं जो नेम पाळला जात होता, त्यांत अमुक खाऊं नये एवढेंच नव्हतें; अमुक खावें हेंही होतें. मात्र पहिला भाग शब्दांत सांगितलेला होता, आणि दुसरा भाग बायकांच्या हातांत, चुलीजवळ, न बोलतां चालत होता. मुलगा परदेशीं निघाला, तेव्हां शब्दांत होता तेवढाच नेम बरोबर गेला; चुलीजवळचा नेम कुंभकोणम् येथेंच राहिला.

१४ एप्रिल १९१४ रोजीं रामानुजन् लंडनास पोहोंचले. पहिले कांहीं आठवडे नेव्हिल यांच्या घरीं काढून ते ट्रिनिटी कॉलेजच्या खोल्यांत राहावयास गेले. ४ ऑगस्ट रोजीं ब्रिटन महायुद्धांत उतरलें आणि पुढें भाजीपाल्यापासून सर्वच पदार्थांची टंचाई वाढत गेली. कॉलेजच्या भोजनगृहांत भाज्याही डुकराच्या चरबीवर परततात, अशा शंकेनें त्यांनीं तेथील जेवण वर्ज्य केलें व खोलींतच गॅसच्या शेगडीवर आपलें अन्न आपण शिजवूं लागले. गणिताच्या तंद्रींत रात्र कोणती व दिवस कोणता याचें भान नसे. मग जेवणाची वेळ कोठून असणार? केव्हां दिवसांतून एकदां स्वयंपाक होई, केव्हां तोही होत नसे. विलायतेंत राहूं लागल्यावर घरच्या एका स्नेह्यास त्यांनीं कळविलें कीं, आपणांस कांहीं पाठविण्याची गरज नाहीं. जिभेवर आपण पुरता ताबा मिळविला असून नुसत्या भातावर, थोडें मीठ व लिंबाचा रस घालून, हवे तितके दिवस राहूं शकतों.

ह्या पत्रांतील मजकूर वाचून एखाद्यास त्यांच्या वैराग्याचें कौतुक वाटेल. आम्हांस तो त्यांच्या चरित्रांतील सर्वांत चिंतेचा मजकूर वाटतो. भात, मीठ आणि लिंबू हा शाकाहार नव्हे. शाकाहारांतून डाळ, दूध, तूप आणि भाजी काढून घेतल्यावर जें उरतें तें हें होय. धर्मानें हें सांगितलें नव्हतें, आईनें सांगितलें नव्हतें. एकटेपणा, कामाचा ध्यास आणि युद्धकाळची टंचाई यांनीं मिळून तें ताट वाढलें होतें. दुर्दैव असें कीं, नेम जितका अधिक आवळला जातो तितका तो अधिक शुद्ध होतो, अशी आपल्या लोकांची एक भोळी समजूत आहे. त्या समजुतीमुळें जी उपासमार होती ती संयम म्हणून खपून गेली.

अन्नाची जी गोष्ट, तीच उबेची. केंब्रिजमध्यें त्या वेळीं प्रशांतचंद्र महालनोबिस शिकत होते. तेच पुढें संख्याशास्त्रांत नांवाजले. एकदां रामानुजन् यांस रात्रीं थंडीनें झोंप येत नाहीं, अंगावर ओव्हरकोट व शाल घेऊनही हुडहुडी भरते, असें त्यांस कळलें. त्यांनीं बिछाना पाहिला, तों ब्लँकेटें पलंगावर नीट खोंचून ठेवलेलीं, आणि गृहस्थ त्यांच्या आंत न शिरतां वर निजत होते! आंत कसें शिरावयाचें तें महालनोबिस यांनीं दाखविलें. ही हकीकत हंसण्यासारखी वाटते, पण तिचा अर्थ गंभीर आहे. अकराव्या अक्षांशावरचा मनुष्य बावन्नाव्या अक्षांशावर जातो, तेव्हां उबेचीं साधनें पायाशीं असूनही तीं वापरावयाचीं कशीं हें त्यास कोणीतरी दाखवावें लागतें. ब्लँकेट दाखविणारा भेटला. ताट दाखविणारा भेटला नाहीं.

तरी काम चाललेंच होतें. १९१६ सालीं संशोधनावर केंब्रिजची पदवी मिळाली; हार्डी यांच्याबरोबर केलेल्या कामानें युरोपांत नांव झालें. आणि १९१७ च्या वसंतांत शरीरानें हात टेकले. प्रथम केंब्रिजच्या शुश्रूषागृहांत, मग मेंडिप टेंकड्यांवरील व नंतर मॅटलॉक येथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांत त्यांस ठेवण्यांत आलें. क्षयावर त्या काळीं मुख्य उपचार म्हणजे उघडी हवा व भरपूर सकस अन्न. उघडी हवा म्हणजे ऐन थंडींत सताड खिडक्या. ती कुंभकोणमच्या माणसास शिक्षाच झाली. आणि सकस अन्न म्हणून जें तेथें मिळे तें बहुतेक वर्ज्य. जें वर्ज्य नव्हतें तें करणारास नीट शिजवितां येत नसे. त्यांत १९१८ सालीं ब्रिटनमध्यें साखर, लोणी व मांस यांवर शिधाबंदी आली. एका तमिळ अभियंत्यानें मॅटलॉक येथें जाऊन रोग्याची भेट घेतली व त्याच्या जेवणाच्या हालांविषयीं हार्डी यांस सविस्तर लिहिलें. पण तोंवर उशीर झाला होता. त्याच वर्षीं मे महिन्यांत रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें, आणि ऑक्टोबरांत ट्रिनिटीनें फेलो निवडलें. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी होत. सन्मान वाढत होते आणि शरीर झिजत होतें.

२७ मार्च १९१९ रोजीं ते मुंबई बंदरांत उतरले, तेव्हां आई घ्यावयास आली होती. आतां घरचें अन्न, घरचें ऊन व घरचीं माणसें सर्व होतीं. पण शरीर परत उभारी धरीना. १९२० च्या जानेवारींत अंथरुणावरूनच त्यांनीं हार्डी यांस एका नव्या प्रकारच्या फलांविषयीं पत्र लिहिलें. त्या फलांवर गणिती अद्याप काम करीत आहेत. २६ एप्रिल १९२० रोजीं मद्रासेंत त्यांचें देहावसान झालें.

आतां निवाडा करावयाचा तर पुरावा नीट तोलला पाहिजे. शाकाहारानें रामानुजन् यांचा बळी घेतला, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा आरोप सिद्ध होत नाहीं. त्यांच्या हयातींत डॉक्टरांचें एकमत नव्हतें. क्षय हें निदान बहुतेकांनीं धरलें. पुढें १९९४ सालीं डॉ. यंग यांनीं सर्व लक्षणें पुन्हां तपासून असें मत दिलें कीं, रोग बहुधा यकृतांतील आमांशाचा असावा, त्याचें बीज हिंदुस्थानांतच पडलें असावें, आणि तो वेळेवर ओळखला असता तर त्या काळच्या औषधानेंही बरा होण्याजोगा होता. हें खरें असल्यास ताट मुख्य आरोपी ठरत नाहीं. पण तें निर्दोषही सुटत नाहीं. तीन वर्षें अर्धपोटीं, उन्हावांचून, अनियमितपणें काढलेलें शरीर कोणत्याही रोगाशीं झुंजण्यास दुबळेंच असणार. ज्या ड जीवनसत्त्वाचा शोध त्यांच्या मृत्यूनंतर १९२२ सालीं लागला, तें शरीरास मुख्यतः उन्हापासून मिळतें, आणि इंग्लंडांत हिवाळ्यांतील ऊन त्या कामास पुरत नाहीं. ब-१२ हें जीवनसत्त्व तर १९४८ सालीं वेगळें काढण्यांत आलें. तें शाकाहारी मनुष्यास दूधदुभत्यावांचून अन्नांतून जवळजवळ मिळतच नाहीं. हें ज्ञान १९१४ सालीं कोणापाशींच नव्हतें. आज तें प्रत्येकापाशीं आहे, म्हणून आजची हयगय अधिक दोषास्पद होय.

नेम पाळूनही थंड देशांत निभावतां येतें, याचा दाखला दूर शोधावयास नको. १८८८ सालीं मोहनदास गांधी हा अठरा वर्षांचा तरुण आईस असेंच वचन देऊन लंडनास गेला. आरंभीं त्याचीही उपासमारच झाली. पण फिरतां फिरतां त्यास फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खाणावळ सांपडली. तेथें सॉल्ट यांचें शाकाहारावरील पुस्तक मिळालें. पुढें शाकाहारी मंडळाशीं संबंध जडला. घरून येणाऱ्या मिठाया व मसाले त्यानें बंद केले आणि त्या देशांत मिळणारी ओटची लापशी व कोको सुरू केला. रोज आठ-दहा मैल पायीं चालून अंग गरम ठेवलें. अंडें हें मांस कीं नव्हे, असा वाद निघाला, तेव्हां वचन देववणाऱ्या आईच्या मनांत जो अर्थ होता तोच बंधनकारक, असा निवाडा करून अंडीं सोडलीं. परंतु दूध तिनें वर्ज्य केलेलें नव्हतें, म्हणून तें ठेवलें. कायद्याच्या विद्यार्थ्यास शोभेल असाच हा अर्थ लावला. नेम जेवढा होता तेवढाच पाळला. त्यांत पदरची भर घातली नाहीं.

मात्र हेच गांधी पुढें ती भर घालून बसले, आणि थंडीनें त्यांचीही परीक्षा घेतली. १९१२ सालीं त्यांनीं दूध सोडलें. १९१४ च्या ऑगस्टांत, रामानुजन् केंब्रिजमध्यें आपली शेगडी मांडीत असतांना, ते पुन्हां लंडनास आले आणि छातीच्या दुखण्यानें पडले. डॉ. जीवराज मेहता यांनीं दूध घेण्यास सांगितलें; नामदार गोखले यांनीं मोठ्या मायेनें तोच आग्रह धरला. गांधींनीं ऐकलें नाहीं. दुखणें हटेना, तेव्हां डिसेंबरांत ती थंडी सोडून हिंदुस्थानास परतावें लागलें. पुढें १९१८ सालच्या दुखण्यानें मरणाच्या दारांत नेल्यावर कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनीं शेळीचें दूध पत्करलें. व्रताचे शब्द राहिले, आत्मा गेला, ही खंत त्यांस पुढेंही सलत राहिली. पण प्राण वांचले. एकाच पुरुषाच्या आयुष्यांत दोन्ही धडे मिळतात: नेम ठेवून त्याभोंवतीं नवें ताट रचलें तर थंडी सोसते, ताट रिकामें करीत गेलें तर सोसत नाहीं.

कोणी म्हणेल, थंडी पाहून आहार बदलणें ही साहेबी कल्पना आहे. आमचें उत्तर असें कीं, ती ह्याच मातीची आहे. आयुर्वेदांत ऋतुचर्या सांगितली आहे, आणि हेमंतांत अग्नि प्रखर असतो म्हणून स्निग्ध व पौष्टिक अन्न घ्यावें असा तिचा उपदेश आहे. पुस्तकें बाजूस ठेवा. आपल्या घरांतच पाहा. मार्गशीर्ष-पौषांत बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा येतो, संक्रांतीस तीळगूळ येतो, डिंकाचे व आळिवाचे लाडू होतात. आपल्या आजीनें हें सर्व शाकाहारांत बसवूनच केलें. तसेंच आजाऱ्यास, बाळंतिणीस व लहान मुलास उपासांतून सूट देणारी, आणि औषध घेतल्यानें व्रत मोडत नाहीं असें मानणारी परंपराही आपलीच आहे. जो धर्म ऋतूस व रोगास इतकी सवलत देतो, त्याच्या नांवावर परक्या हिवाळ्यांत भात-लिंबावर राहाणें, हा धर्माचा अर्थ लावण्यांतील प्रमाद होय.

तेव्हां करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. मुलाकडून वचन घ्यावयाचें असेल तर त्याचीं कलमें स्पष्ट असावींत. काय वर्ज्य, तें सांगा. आणि काय रोज खाल्लेंच पाहिजे, तेंही त्याच गंभीरपणानें सांगा. दूध, दहीं किंवा चीज रोज. डाळ, हरभरा, राजमा अथवा वाटाणा दोन्ही वेळां. तीळ, शेंगदाणे, बदाम व तूप थंडीच्या मानानें अधिक. आणि त्या देशांत जी भाजी व जें धान्य ताजें मिळेल तें शिजविण्याची संवय. जो दूधही घेत नसेल त्यानें ब-१२ गोळीच्या वाटेनें अथवा तें मिसळलेल्या पदार्थांतून घेतलेंच पाहिजे. ड जीवनसत्त्वाविषयीं तर ब्रिटनच्या आरोग्यखात्याचा सर्वांसच सल्ला आहे कीं, शरद व हिवाळा ह्या दिवसांत रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा. आणि जे घरांतच असतात किंवा अंग झांकून वावरतात त्यांनीं तें बारा महिने घ्यावें. गोळी कशापासून बनली आहे हें वेष्टन वाचून पाहावें. शाकाहारी प्रकारही मिळतात. मधुमेह, पंडुरोग किंवा दुसरा कोणता विकार असल्यास जाण्यापूर्वीं वैद्याचा सल्ला घ्यावा. आणि तिकडे दुखणें लांबलें तर लाज न बाळगतां आपला आहार डॉक्टरांस सांगावा.

मुलास स्वयंपाक शिकवा, मुलगा म्हणून टाळूं नका. ज्या घरांत मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत चुलीजवळ फिरकत नाहीं, त्या घरानें त्याच्याकडून परदेशांत सोंवळें ताट मागणें न्यायाचें नाहीं. आणि त्यास एकटा सोडूं नका. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं निघालें; अशा संस्थांचा पत्ता पेटींतील लोणच्याहून अधिक उपयोगाचा. जे व्यापारी विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चास देणग्या देतात, त्यांनीं परक्या शहरांत चार विद्यार्थ्यांची एक चूल चालावी म्हणूनही कांहीं रक्कम काढून ठेवावी. तिकिटाची देणगी विद्यार्थ्यास पोहोंचविते. चूल त्यास परत आणते.

१९१४ सालीं मद्रास विद्यापीठानें रामानुजन् यांस शिष्यवृत्ति दिली, सरकारानें अनुकूलता दाखविली, मित्रांनीं कपडे शिवविले, आईनें आशीर्वाद दिला. त्या सर्वांचा हेतु शुद्ध होता. तो मनुष्य रोज जेवणार काय, ह्या एका प्रश्नाची व्यवस्था मात्र कोणाच्याच वांट्यास आली नाहीं. आपल्या घरून निघणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या बाबतींत तो प्रश्न कोणीतरी एकानें, नांव घेऊन, आपल्या अंगावर घ्यावा, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.